जे आधी होईल ते

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. मी बार्शीला राहतो. ठिबक सिंचनाच्या साहित्याची विक्री बघतो. सोलापूर, धाराशिव आणि लातूर हे तीन जिल्हे माझ्याकडे आहेत. महिन्याला पाच हजार किलोमीटर होतातच. अकरा महिन्यांपूर्वी एक लिटरची, तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल गाडी घेतली, आज तिचे 52,000 झाले. मेव्हणे म्हणतात, ‘एवढंसं इंजिन, त्यावर टर्बो, लाख व्हायच्या आत विकून मोकळे व्हा.’ वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर आहे. शोरूमवाले वीस हजारांत वाढीव वॉरंटी देतात, पाच वर्षं किंवा दीड लाख. माझे हप्ते साठ आहेत. 10,000 आणि 20,000 ची सर्व्हिसिंग वेळेत केली, नंतर सीझन लागला म्हणून पुढची 38,000 ला झाली. मध्ये एकदा ऑइलचा दिवा लागला होता, तेव्हा लातूरला एका दुकानात लिटरभर टाकून घेतलं. अ‍ॅव्हरेज मिळावं म्हणून गाडी शक्यतो टॉप गिअरलाच ठेवतो, येडशीच्या चढालासुद्धा. टर्बो किती टिकेल आणि वाढीव वॉरंटी घ्यावी का, एवढं सांगा.

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. टर्बोचं मी सांगणारच आहे, पण माझा जीव अडकला तो ‘पुढची 38,000 ला झाली’ या ओळीत. तुम्ही ते सहज लिहून गेलात. वीस हजारांनंतर अडतीस हजार. म्हणजे तीस हजारांची सर्व्हिसिंग झालीच नाही, आणि आज 52,000 म्हणजे 48,000 ची वेळही निघून गेली. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक काढा. त्यात सर्व्हिसिंगच्या तक्त्याखाली ‘10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ असं छापलेलं असेल. वॉरंटीच्या पानावर तेच चार शब्द पुन्हा असतात. वर्षाला दहा-बारा हजार चालवणाऱ्या माणसाला ते शब्द कधी आडवे येत नाहीत. तुमच्यासाठी सगळं त्या चार शब्दांतच आहे.

हिशोब करून बघा. महिन्याला पाच हजार म्हणजे एक लाखाला वीस-एकवीस महिने. कागदावर तीन वर्षांची वॉरंटी आहे, तुमच्या हातात पावणेदोन वर्षांचीही नाही. तुमच्या गाडीला अजून दहा महिने संरक्षण आहे, आणि त्यानंतर जवळजवळ चाळीस हप्ते उरतात. वाढीव वॉरंटी ‘दोन वर्षांची’ म्हणून विकतात, तुम्हाला ती पन्नास हजार किलोमीटर, म्हणजे दहा महिने मिळेल. वीस हजार रुपयांत दहा महिने. तरीही मी घ्या म्हणतो, पण एका अटीवर. त्या कराराची प्रत आधी मागून घ्या आणि तिच्यात टर्बो, हाय प्रेशर पंप, इंजेक्टर, गिअरबॉक्स आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ही पाच नावं बोट ठेवून शोधा. क्लचप्लेट, ब्रेक पॅड, बुश, वायपर हे झिजणारे भाग त्यात नसतातच, त्याबद्दल भांडू नका. पण टर्बो त्या यादीत नसेल तर तुमचे वीस हजार बँकेत ठेवा. असेल तर लगेच घ्या, कारण मूळ वॉरंटी संपल्यावर ही सहसा मिळत नाही. पुढच्या वेळी गाडी घेताना एक करा. काही कंपन्या तीन वर्षं आणि किलोमीटरला मर्यादा नाही अशी वॉरंटी देतात. तुमच्यासारख्या फिरत्या माणसाने सनरूफच्या आधी ते बघावं.

आता मेव्हण्यांचं म्हणणं. ‘एवढंसं इंजिन’ ही भीती मी रोज ऐकतो. पाच हजार किलोमीटर ऐकून लोक घाबरतात, पण इंजिन किती तास चाललं हे कोणी विचारत नाही. तुमचा सरासरी वेग ताशी 45 धरला तर महिन्याला एकशे दहा तास होतात. पुण्यात सिंहगड रोडवरून महिन्याला हजार किलोमीटर करणारी गाडी ताशी 18 ने चालली तर तिचे पंचावन्न तास भरतात. किलोमीटर पाचपट, इंजिनाचे तास मात्र दुप्पटच. शिवाय तुमचं इंजिन सकाळी एकदा गरम झालं की दिवसभर गरमच राहतं. शहरातल्या गाडीला दिवसातून चारदा थंड स्टार्ट आणि दोन-दोन किलोमीटरच्या खेपा. अशा खेपांत पेट्रोलचा अंश ऑइलमध्ये उतरतो आणि ऑइल पातळ होतं. म्हणून हायवेवरच्या लाखाची मला भीती वाटत नाही. तुमची गाडी दोन लाख करू शकते.

पण टर्बोला एक गोष्ट लागतेच, ती म्हणजे स्वच्छ ऑइल. एका दांड्याच्या एका टोकाला पंखा असतो तो धुराच्या जोरावर फिरतो, दुसऱ्या टोकाचा पंखा हवा दाबून इंजिनात ढकलतो. छोट्या पेट्रोल गाडीत हा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या पुढे फेरे घेतो. धुराच्या बाजूला उष्णता 900 अंशांच्या आसपास जाते. बहुतेक टर्बोत दांड्याला बॉल बेअरिंग नसतं, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तो थर तुटला की धातूवर धातू घासतो आणि मग काही सेकंदांचा खेळ असतो.

हे मी वाचून सांगत नाही. कराडला माझं गॅरेज आहे, एकतीस वर्षं झाली. मागच्या वर्षी एक ठेकेदार आले. दर आठवड्याला कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाणारे. गाडी तुमच्यासारखीच, 88,000 झालेली. वॉरंटी शिल्लक होती, पण दोन सर्व्हिसिंगची बिलं नव्हती म्हणून क्लेम नाकारला गेला होता. गाडी चढाला ओढत नव्हती, निळा धूर मारत होती, आणि तीन हजारांच्या वर आरपीएम गेला की लांबून सायरन यावा तशी शिट्टी येत होती. एअर फिल्टरकडून टर्बोला येणारा पाइप काढला आणि आत बोट घालून दांड्याची नट धरली. वर-खाली किंचित हलते ते चालतं. ही पुढे-मागेही हलत होती, आणि पंख्याच्या पात्यांच्या कडा घरावर घासून चमकत होत्या. मग ऑइल घेऊन येणारा बारका पाइप सोडवला आणि उजेडाकडे धरला. करंगळीचं टोक दिसायला हवं तिथे मोहरीएवढा उजेड दिसला. बाकी सगळं काळ्या, कडक खरपुडीने भरलं होतं, दुधाच्या पातेल्याला तळाशी धरते तशी. ठेकेदारांनी तो पाइप हातात घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

याच पाइपने मलाही शिकवलंय. 2009 साली एका डिझेल गाडीचा टर्बो मी नवीन बसवला आणि जुना पाइप पेट्रोलने धुऊन परत लावला. पंधरा दिवसांत नवा टर्बोही गेला. दुसरा टर्बो मी माझ्या पैशाने बसवून दिला. तेव्हापासून टर्बो बदलला की ऑइलचा पाइप नवा, फिल्टर नवा, आणि इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी, उतरवून आतलं ऑइल आणि धातूचा चुरा धुऊन काढायचा, याला माझ्याकडे अपवाद नाही. तुमच्यावर कधी ती वेळ आलीच तर मिस्त्रीला हे तिन्ही विचारा.

आता तुमच्या ऑइलच्या दिव्याचं. तो लाल होता की पिवळा? पिवळा असेल तर पातळी कमी झाली होती. लाल असेल तर प्रेशर गेलं होतं, आणि लाल दिव्यावर एक किलोमीटरही गाडी चालवायची नसते. रस्त्याच्या कडेला घ्या, बंद करा, टोइंग बोलवा. तुम्ही कुठल्या दिव्यावर लातूर गाठलं ते मला माहीत नाही, म्हणून काळजी वाटते. लातूरला जे टाकलं त्याच्या डब्यावरचा आकडा तुम्ही लिहिलेला नाही, बहुधा पाहिलाच नसेल. ऑइल किती पातळ ते सांगणारा हा आकडा. पुस्तकात 0डब्ल्यू-20 लिहिलंय की 5डब्ल्यू-30 ते बघा आणि त्याच दर्जाचं एक लिटर डिकीत ठेवा, बिलासकट. डब्यावर एपीआय एसपी हा ऑइलचा दर्जा लिहिलेला असू द्या, का ते पुढे सांगतो. दर रविवारी सकाळी, गाडी सपाट जागेवर असताना, पट्टी ओढून बघायची. बहुतेक गाड्यांत वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण एक लिटरचं अंतर असतं. डायरीत तारीख, किलोमीटर आणि पातळी लिहा. इंजिन ऑइल खातंय अशी तक्रार वॉरंटीत करायची झाली तर कंपनीही हेच मोजायला लावते. तुमच्याकडे आधीचीच नोंद असेल तर महिना वाचतो.

येडशीच्या चढावर टॉप गिअर, हे मात्र आजपासून बंद करा. अ‍ॅव्हरेजच्या मोहात टर्बो पेट्रोलवर होणारा हा सगळ्यात मोठा अत्याचार आहे. आरपीएम तेराशे-चौदाशे, पाय पूर्ण खाली, टर्बो हवा कोंबतोय आणि पिस्टन सावकाश वर येतोय. अशा वेळी प्लग पेटायच्या आधीच मिश्रण आपोआप पेटू शकतं. ऑइलचे थेंब किंवा कार्बनचे कण त्याला कारण होतात. पिस्टन अजून वर येतोय आणि वरून घण बसतो. तो टक्क असा आवाज कधी ऐकू येतो, कधी येतही नाही, पण पिस्टनची रिंगांमधली कड तुटलेली मी पाहिली आहे. 2020 साली आलेल्या एसपी दर्जाच्या ऑइलला याच त्रासाची चाचणी पार करावी लागते, म्हणून तो आग्रह. चढ आला की एक गिअर खाली घ्या, आरपीएम दोन हजारांच्या वर ठेवा. महिन्याला चार-पाच लिटर पेट्रोल जास्त गेलं तरी जाऊ द्या.

तुमच्या भागातल्या धुळीसाठी एक सांगतो. एअर फिल्टर पुस्तकातल्या मुदतीच्या निम्म्यावर बदला. फाटक्या किंवा नीट न बसलेल्या फिल्टरमधून गेलेली धूळ त्या दोन लाख फेऱ्यांच्या पात्यांवर सॅंडपेपरसारखी घासते.

उद्याच करायचं काम असं. सर्व्हिस सेंटरला जा, राहिलेली सर्व्हिसिंग करून घ्या, आणि 30,000 ची चुकल्याने वॉरंटीवर काय परिणाम होतो ते तोंडी विचारू नका, ई-मेल करा. सल्लागार काउंटरवर ‘काही होत नाही सर’ म्हणेल, पण क्लेमच्या दिवशी तो तिथे नसेल. ई-मेलचं उत्तर छापून बिलांच्या फाइलला लावा. पुढची सर्व्हिसिंग दर दोन महिन्यांनी येते, मोबाइलमध्ये तारखेचं नाही, किलोमीटरचं स्मरण लावा. आणि 95,000 झाले की एक पूर्ण दिवस काढा. शिट्टी, धूर, थरथर, गिअर अडकणं, एसीचा आवाज, जे काही खटकतं ते सगळं जॉब कार्डवर लिहून घ्या, त्यावर किलोमीटर आणि तारीख पडू द्या. लाखाच्या आत नोंदलेली तक्रार लाखानंतर मोठी झाली तरी तुमच्या बाजूने कागद असतो. 1,00,400 ला गेलात तर काही नसतं.

गाडी विकू नका. हप्ते संपेपर्यंत चालवा.

प्रश्न : मी सिन्नरची, छत्रपती संभाजीनगरला प्राध्यापक आहे. आठवड्यातून दोनदा समृद्धीवरून टर्बो पेट्रोल गाडीने ये-जा करते. जुने लोक सांगतात की थांबल्यावर इंजिन दोन मिनिटं चालू ठेवायचं. यांचं म्हणणं, नव्या गाड्यांना गरज नाही. कोण बरोबर?

उत्तर : ताई, दोघंही थोडे थोडे बरोबर. समृद्धीवर कारला ताशी 120 ची मर्यादा आहे आणि वळणं कमी, त्यामुळे टर्बो तासभर सलग तापलेला असतो. त्या अवस्थेत फूड प्लाझाला गाडी आत घेऊन लगेच चावी फिरवली तर ऑइलचा प्रवाह थांबतो, पण तापलेल्या लोखंडाची उष्णता दांड्याकडे येतच राहते. तिथे अडकलेलं ऑइल भाजतं. वर बार्शीच्या उत्तरात सांगितलेली खरपुडी अशीच धरते. नव्या अनेक गाड्यांत टर्बोभोवती कूलंट फिरतं आणि गाडी बंद केल्यावरही एक छोटा इलेक्ट्रिक पंप ते फिरवत राहतो. उतरल्यावर बॉनेटखालून घुंईऽ आवाज येतो तो त्याचा किंवा पंख्याचा, घाबरू नका. तुमच्या यांचा मुद्दा तोच असणार.

सोपा उपाय असा की एक्झिटच्या आधीचे शेवटचे तीन-चार किलोमीटर ऐंशीने, हलक्या पायाने या. टोलच्या रांगेत आणि पार्किंग शोधताना आपोआप मिनिट-दोन मिनिटं जातात, तेवढं पुरे. 120 वरून थेट पेट्रोल पंपावर वळलात तर मात्र एक मिनिट थांबून बंद करा. ऑटो स्टार्ट-स्टॉप असेल तर अशा वेळी ते बटण बंद ठेवा. घरून कॉलेजला गावातून जाताना याची काही गरज नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी समृद्धीचं नाव आलं म्हणून सांगतो. टायरची हवा निघायच्या आधी, टायर थंड असताना तपासा. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आकडा असतो. काँक्रीटवर सलग वेगात टायर तापतो, आणि कमी हवेचा टायर जास्त वाकतो, म्हणून जास्त तापतो. टर्बो गेला तर गाडी कडेला उभी राहते. टायर फुटला तर तुम्ही गाडीत असता. दोन्हींत माझी काळजी कुठे जास्त आहे ते तुम्हाला समजेल.

प्रश्न : रत्नागिरीहून लिहितोय. चौदा लाखांची गाडी, 61,000 झाले, वॉरंटीत आहे. टर्बो गेला. सर्व सर्व्हिसिंग त्यांच्याकडेच, बिलं आहेत. तरी ‘बाहेरचं ऑइल भरलंय’ म्हणून तोंडी नकार दिला. सहा आठवडे गाडी तिथेच आहे. कोर्टात जावं का?

उत्तर : कोर्टाच्या आधी कागद. नकार लेखी मागा, कारणासकट. ‘बाहेरचं ऑइल’ म्हणत असतील तर ते कशावरून ठरवलं, ऑइलचा नमुना तपासला का, अहवाल कुठे आहे, असे तीन प्रश्न ई-मेलने विचारा आणि कंपनीच्या मुख्य ग्राहक विभागालाही प्रत पाठवा. गेलेला टर्बो आणि त्याचा ऑइल पाइप तुमच्यासमोर काढून फोटो घ्या, आणि प्रकरण मिटेपर्यंत तो भाग जपून ठेवायला लेखी सांगा. तो भंगारात गेला तर तुमचा पुरावा गेला. स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करून गाडी सोडवावी लागली, तर बिलावर ‘हक्क राखून’ असं लिहून सही करा.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक 1915. पुष्कळ प्रकरणं तिथेच हलतात, कारण कंपनीला उत्तर द्यावं लागतं. तिथे झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 तुमच्या बाजूला आहे. या कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. डीलर कोल्हापूरचा असो की मुंबईचा, तुम्हाला रत्नागिरीच्या जिल्हा आयोगातच जाता येईल. पन्नास लाखांपर्यंतच्या वस्तूचा अधिकार जिल्हा आयोगाला आहे, दहा ते वीस लाखांच्या गाडीला शुल्क 400 रुपये, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. अर्ज ऑनलाइन भरता येतो, वकील लावलाच पाहिजे असं नाही. डीलर आणि उत्पादक कंपनी या दोघांनाही सामनेवाले करा, नाहीतर एकमेकांकडे बोट दाखवतात. गाडी भाड्याने देत असाल तर मात्र ‘व्यापारी हेतू’चा मुद्दा येईल, तेव्हा आधी सल्ला घ्या.

तुमच्याकडे सगळी बिलं आहेत, हे वाचून फार बरं वाटलं. उत्तर आलं की मला जरूर कळवा.

प्रश्न : 90,000 झालेली टर्बो पेट्रोल गाडी घ्यावी का? मालक डॉक्टर आहेत, एकहाती आहे. – वाचक, मिरज

उत्तर : डॉक्टर आहेत हे बघू नका, सर्व्हिसिंगची नऊ बिलं बघा. कंपनीच्या वर्कशॉपमधून गाडी नंबरवरून सर्व्हिस हिस्टरी मालकासमोर काढून घ्या आणि दोन बिलांतलं अंतर मोजा. गाडी बघायला सकाळी जा, बॉनेटला हात लावा, गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणावं. थंड इंजिन चालू करताना मागे निळा धूर येतो का ते कोणाला तरी उभं करून बघा. मग इंटरकूलरचा खालचा पाइप मिस्त्रीकडून सोडवून घ्या. आत ओलसर पापुद्रा असतोच, पण पाइप उलटा केल्यावर ऑइल थेंबथेंब गळलं तर तिथूनच परत या.